कबरीची बदली

तोडगेसाहेबांचं खरं आडनाव वेगळं होतं. एके काळी ते दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला आणि टोपणनाव टिकलं. उभी हयात कचेरीत अधीक्षकाच्या खुर्चीत गेली आणि त्या खुर्चीसमोर आलेलं एकही भांडण तोडग्याविना परत गेलं नाही, म्हणून तोडगेसाहेब. हे नाव ठेवणाऱ्याने कौतुकाने ठेवलं की खवचटपणाने, याच्या खोलात साहेब कधी शिरले नाहीत. कौतुकच असणार, असं धरून चाललं की माणसाचं पचन चांगलं राहतं.

तोडगा मात्र त्यांच्याकडे एकच होता. कचेरीत दोघांचं वाजलं की साहेब आधी दोघांना आपल्या खोलीत बसवत, चहा मागवत, ‘आपण सगळे एका घरचे’ असं म्हणत आणि बाहेरून दार ओढून घेत. चहा संपेस्तोवर कुरबुर संपली तर उत्तम. नाही संपली तर बदली. आता बदली कोणाची? तुम्ही-आम्ही म्हणू, जो गुरगुरतो त्याची. तेवढ्यासाठीच तुम्हाआम्हाला कोणी अधीक्षक केलं नाही. गुरगुरणारा खुर्चीला घट्ट चिकटलेला असतो. त्याला हलवायला जा, तो टेबलं वाजवतो, वरच्या साहेबांकडे जातो, वेळ पडली तर आपल्याच अंगावर येतो. रडणारा हलका असतो. उचलला की उचलला जातो. शिवाय तक्रार त्याचीच असते, त्यामुळे तो गेला की तीही त्याच्याबरोबर जाते.

एक टंकलेखिका होती. तिच्या शेजारी बसणारा भांडारपाल रोज पंख्याचं तोंड स्वतःकडे फिरवून घ्यायचा आणि वर तिच्याच टेबलावर जेवणाचा डबा आपटायचा. बिचारीने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. साहेबांनी तिला तळघरात जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवलं. तिथे पंखाच नव्हता. ‘बघा,’ साहेब म्हणाले, ‘भांडणाचं मूळच उपटलं!’ साहेब निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांत लांब भाषण भांडारपालाने ठोकलं आणि सगळ्यांच्या वतीने त्यांना एक जाडजूड तपकिरी ब्लँकेट दिलं. टंकलेखिका आली नव्हती. तळघरात निरोप पोचलाच नसावा.

ते ब्लँकेट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

निवृत्तीनंतर साहेबांच्या वाट्याला आलं घर, घरामागचं तारेच्या कुंपणाचं परस आणि परसातल्या कोंबड्या. कोंबड्या खरं तर बायकोच्या. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा घरात आवाज नको का कसला, म्हणून वहिनींनी त्या पाळल्या. वहिनी म्हणजे साहेबांची बायको. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते, मग आपणही म्हणू. साहेबांनी त्या संसाराला हातभार लावला तो खुराड्याचा. कचेरीच्या लिलावातून त्यांनी एक लाकडी कपाट आणलं होतं, खणाखणांचं. त्यालाच पुढे जाळी मारली, आत काठ्या बसवल्या. खणांवरच्या पाट्या तशाच राहिल्या: ‘आवक’, ‘जावक’, ‘प्रलंबित’. वहिनींची लाडकी कबरी, राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेली, नेमाने ‘आवक’मध्ये अंडं घालायची. ‘प्रलंबित’मध्ये जी बसेल ती मात्र हटकून खुडूक व्हायची, अंडी देणं बंद, आणि दिवसचे दिवस जागची हलायची नाही. याचं साहेबांना कधीच नवल वाटलं नाही.

कबरी त्या कळपाची थोरली. दाणे पडले की आधी ती जायची, मग बाकीच्या. कधी कोणी आगाऊपणा केला तर ती मान उंच करून नुसतं बघायची, तेवढ्याने भागायचं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि ताई आल्या.

ताई म्हणजे साहेबांच्या थोरल्या बहीण. ताईंनी आयुष्यात कोणाशी भांडण केलं नाही. लोकच त्यांच्याशी भांडायचे. त्या फक्त बरोबर असायच्या. सकाळी उठल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत बरोबर. अशा त्या, घराचं छप्पर गळायला लागलं म्हणून, दुरुस्ती होईपर्यंत भावाकडे राहायला आल्या. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात झाकलेली टोपली. टोपलीवरचं फडकं काढलं तर आत तांबडी, दांडगी, मानेवर पिसांचा झुबका असलेली कोंबडी. तिने आधी साहेबांकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं, आणि दोघेही पसंत न पडल्यासारखी मान फिरवली.

“हिचं नाव मॅडम,” ताई म्हणाल्या. “नुसतं कोंबडी म्हटलेलं हिला चालत नाही.”

“वन्सं, एकदम इतरांत नका सोडू हं,” वहिनी म्हणाल्या. “जरा जाळीपलीकडे ठेवू, ओळख होऊ दे.”

“ओळख? अगं, मॅडमला ओळख लागत नाही.”

आणि ते खरंच ठरलं. मॅडमनी परसात पाय ठेवला, अंग झटकलं, सरळ कबरीच्या पुढ्यात गेल्या आणि तिच्या डोक्यात चोच हाणली. कबरीने आपलं नेहमीचं बघणं बघितलं. मॅडमवर काडीचा परिणाम नाही. दुसरी चोच, तिसरी, वर दोन्ही पायांनी छातीवर उडी. धुरळा खाली बसला तेव्हा कपाटाच्या टपावर मॅडम होत्या आणि कबरी परसाच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून.

शेजारच्या खिडकीतलं शिलाईचं मशीन थांबलं. तिथे शिंपीणबाई राहायच्या. त्यांची खिडकी बरोबर या परसावर उघडायची, आणि मशीन थांबलं की गल्ली समजायची, साहेबांच्या घरात काहीतरी चाललंय.

“वहिनी,” शिंपीणबाई खिडकीतून म्हणाल्या, “नव्या साहेब रुजू झाल्या वाटतं?”

“रुळेल हो दोन दिवसांत,” साहेबांनीच उत्तर दिलं.

मॅडम रुळल्या. इतरांचं काय झालं ते बघायला मात्र जीव घट्ट करावा लागला. मॅडम दाण्यांवर उभ्या राहायच्या, पाण्यावर उभ्या राहायच्या आणि ‘आवक’च्या खणात स्वतःला गरज नसली तरी बसून राहायच्या. आणि गंमत अशी की, कालपर्यंत कबरीच्या मागून दाणे टिपणाऱ्या त्या बाकीच्या कोंबड्या! मॅडमनी कबरीला एक टोच मारली की त्याही येता-जाता एकेक मारून जायच्या. आपली निष्ठा कुठे आहे ते वेळेवर दिसलेलं बरं. साहेबांना हे बघून कचेरीची आठवण येऊन भरून यायचं.

कबरीच्या पाठीवरची पिसं जाऊन गुलाबी कातडी दिसायला लागली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “अहो, काहीतरी करा. ती मरेल.”

“आधी समोरासमोर बसवू,” साहेब म्हणाले.

मोठं डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची ती वेताची उलटी टोपली, त्यांनी आणलं आणि त्याखाली कबरीला आणि मॅडमना शेजारी शेजारी कोंडलं. चहाच्या जागी मूठभर दाणे टाकले. ‘एका घरच्या आहात,’ असंही म्हणाले म्हणे. शिंपीणबाईंनी शपथेवर सांगितलंय. मग डालगं आपोआप परसभर फिरायला लागलं. साहेब त्याच्यामागे धावले, ते पकडेपर्यंत वेताच्या फटींतून राखाडी पिसं उडत राहिली. वहिनींनी डालगं उचललं आणि कबरीला स्वतःच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून आत नेलं.

समेट फसला. आता राहिली बदली.

कबरीची बदली न्हाणीघरामागच्या लाकूडफाट्याच्या खोलीत झाली. परसात लगेच शांतता पसरली. साहेबांनी खुर्ची टाकून ती शांतता दोन कप चहाबरोबर उपभोगली. “बघितलंस?” ते बायकोला म्हणाले. “भांडण कबरीपाशी होतं.”

जखमा भरल्या, पिसांचे खुंट फुटायला लागले, तेव्हा कबरी परत रुजू झाली. आणि पहिल्यापेक्षा दुप्पट मार खाल्ला. मॅडमनी तर मारलंच, पण आता सगळ्यांत बारकी, पिवळ्या पायांची एक कालची पोर होती, तिनेसुद्धा कबरीला दाण्यांवरून हाकललं. साहेबांनी कबरीलाच पुन्हा लाकूडफाट्यात पाठवलं. पुन्हा शांतता, पुन्हा चहा. परत आणलं, पुन्हा मार. दर खेपेला कबरी थोडी वाळून जायची आणि दर खेपेला साहेबांची खात्री पटत जायची की कबरीचा स्वभावच चमत्कारिक.

“कबरीच चिडवत असेल,” ताई मागच्या पायरीवर बसून म्हणायच्या. “माझी मॅडम उगाच कोणाला हात लावत नाही.”

“हात नाही लावत, वन्सं. चोच लावते.”

“बघ बाळ, कशी बोलते ही मला!”

तोडगेसाहेबांना बाळ म्हणणारं जगात आता एवढं एकच माणूस उरलं होतं. ती हाक आली की साहेबांची उंची वीतभर कमी व्हायची. ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे आणि म्हणायचे, “जाऊ दे गं, ती मोठी आहे.”

आता आतलं सांगतो. परसात जे चाललं होतं ते शिंपीणबाईंच्या खिडकीतून दिसायचं. स्वयंपाकघरातलं दिसत नसलं तरी ऐकू यायचंच. ताईंनी येताक्षणी भाजी चिरायची पद्धत बदलली. मग भांडी लावायची. मग वहिनी कुठल्या हाताने कढई धरतात इथवर मजल गेली. स्वतःबद्दल मात्र वहिनी तोंडाला कुलूप लावून होत्या. पण एक दिवस ताईंनी पाहुण्यांसमोर वहिनींनी केलेल्या चहाचा घोट घेतला, कप बाजूला ठेवला, उठल्या आणि न बोलता सगळ्यांसाठी नवा चहा करून आणला. वहिनींनी त्या संध्याकाळी साहेबांना सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं.

“मी असं म्हणतो,” साहेब म्हणाले.

या घरात ‘मी असं म्हणतो’ हे शब्द आले की कोणीतरी हलणार हे ठरलेलं. “मी असं म्हणतो, तू चार दिवस भावाकडे जाऊन ये. जरा हवापालट.”

वहिनी गेल्या. घर शांत झालं. ताईंना कोणी उलटून बोलत नव्हतं आणि साहेबांना कोणी काही सांगत नव्हतं. वहिनी परत आल्या तेव्हा साखरेचा डबा मधल्या फळीवरून वरच्या फळीवर गेला होता. वहिनी ठेंगण्या. स्टूल घ्यावं लागलं. पुढच्या कुरबुरीला वहिनींची रवानगी मुलीकडे झाली. आल्यावर चहाची पत्ती, मीठ, काड्यापेटी, सगळंच जागचं हललेलं. भरीला कामवाली त्यांनाच विचारू लागली, “वहिनी, हे ताईंना विचारून करू ना?”

साहेबांना यात आणि कबरीत काही साम्य दिसलं नाही. त्यांना साम्य दिसण्याचं काही कारण नव्हतं. चहा दोन्ही वेळा गोडच मिळत होता.

मग ती सकाळ उजाडली. वहिनी दाणे घेऊन परसात गेल्या आणि त्यांच्या तोंडून एक असा आवाज निघाला की शिंपीणबाईंचं मशीन शिवण अर्धी टाकून थांबलं. कबरी कपाटाखाली दडून बसली होती. तुरा फाटून लोंबत होता, मान रक्ताने चिकट झाली होती, आणि पिवळ्या पायांची पोर अजून वाकून वाकून तिला टोचत होती. मॅडम वर, टपावर, उन्हात पंख पसरून.

वहिनींनी कबरीला ओढून काढलं, स्वयंपाकघरात ओट्यावर घेतलं, जखमा धुतल्या आणि त्यावर जांभळं औषध लावलं. कबरीचं अख्खं डोकं जांभळं झालं. एक डोळा मिटलेला, दुसरा सगळ्यांवर रोखलेला. वहिनींचे हातही कोपरापर्यंत जांभळे. साहेब चहाचा कप घेऊन दारात आले. त्यांना रक्त बघवत नसे, म्हणून त्यांनी छताकडे पाहिलं.

“मी असं म्हणतो,” ते छताला म्हणाले, “कबरी आता शिंपीणबाईंना कायमची देऊन टाकू. तिथे तिला एकटीला निवांत. आणि तू दमलीयस गं. तूही मुलीकडे जा थोडे दिवस. सगळं थंड होईपर्यंत.”

वहिनी नळाशी गेल्या. हात धुतले, पण रंग गेला नाही. आत गेल्या, बॅग काढली, कपडे भरले. मग ताईंची ती झाकायची टोपली घेतली, तळाला जुना स्वेटर अंथरला आणि कबरीला त्यात ठेवलं. बॅग आणि टोपली दाराशी शेजारी शेजारी मांडल्या.

“अगं, एवढ्या घाईने नाही म्हटलं मी. आणि कबरीला मुलीच्या घरी...”

“आम्ही दोघी जातोय,” वहिनी म्हणाल्या. “आणि येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे येत नाही. सोपं आहे. अहो, ही कबरी परत आली की बाकीच्यांना वाटतं कोणी परकी आली. पुन्हा पहिल्यापासून मार खायचा, पुन्हा जागा मागायची, तीही स्वतःच्याच कपाटात. माझं काय वेगळं आहे? दर वेळी परत येते आणि माझ्याच घरात साखर शोधत फिरते. आता पुन्हा नवी व्हायची ताकद नाही हो माझ्यात.”

साहेबांनी कप खाली ठेवला. 

“मग मी काय करू?”

“इतक्या वर्षांत एकदा तरी चावणारीला हलवा.” वहिनींनी जांभळ्या हाताने बॅगेचं बक्कल बंद केलं. “कोंबडीबद्दल बोलतेय मी. सध्या. दुपारची गाडी आहे. तोवर बसलेय इथे.” आणि त्या खरंच बॅगेवर बसल्या, कबरीची टोपली मांडीवर घेऊन.

 बायको रुसण्याची साहेबांना सवय होती. रुसलेली बायको बोलते तरी, दार आपटते तरी. ही आपटत नव्हती. हिने जांभळे हात टोपलीवर ठेवले होते आणि ती घड्याळाकडेही बघत नव्हती. अशी निश्चिंत बसलेली माणसं साहेबांनी स्टेशनवर पाहिली होती. ती जातात.

परसात जायचं म्हणजे साहेबांनी तयारी केली. पावसाळी कोट चढवला, बूट घातले, डोक्यावर मोटारसायकलचं जुनं हेल्मेट. शिंपीणबाई खिडकीत नीट बसल्या, उशी वगैरे घेऊन.

“मॅडम,” साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज हेल्मेटात घुमला. “आपल्याला काही दिवस दुसऱ्या खोलीत...”

मॅडमनी एक डोळा उघडला. मग पिसं फुगवली, इतकी की आहे त्याच्या दीडपट दिसल्या. साहेब थांबले. आयुष्यभर त्यांनी हलक्या माणसांच्या बदल्या केल्या होत्या. जी चोच मारू शकते अशा कोणाला हात लावायची ही पहिलीच वेळ. हातमोजे घालायचे राहिले, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

“साहेब, मागून या, मागून!” खिडकीतून सल्ला आला.

साहेब मागून गेले. मॅडमही मागे वळल्या. साहेबांनी हात पुढे केला, मॅडमनी मनगटावर अशी चोच ठेवून दिली की हेल्मेटच्या आतून आई आठवली. त्या टपावरून उडाल्या, साहेबांच्या खांद्यावर आपटल्या, खाली उतरल्या आणि साहेबांच्याच मागे लागल्या. अधीक्षक, निवृत्त, पावसाळी कोटात, स्वच्छ उन्हात, कोंबडीपुढे पळतोय, हे दृश्य शिंपीणबाईंनी पुढे ज्या ज्या गिऱ्हाइकाला सांगितलं, त्याच्या कपड्याचं माप चुकलं.

“बाळ!”

मागच्या दारात ताई उभ्या होत्या. “माझ्या मॅडमला हात लावलास तर बघ!”

साहेब जागच्या जागी थिजले. वीतभर उंची कमी झाली. हेल्मेट नाकावर आलं. लहानपणी मोठा तुकडा ताईंचा, खिडकीची जागा ताईंची, आणि साहेबांनी आईकडे तक्रार केली की मावशीकडे पाठवणी साहेबांची. ‘थोडे दिवस जा बाळ, हवापालट होईल.’ एवढं सगळं एकदम आठवलं आणि आपण आपला तोडगा नेमका कुठल्या शाळेत शिकलो, हे साहेबांना उन्हात उभ्या उभ्या कळलं. कळून फार काही झालं नाही.  पण ताईंच्या खांद्यावरून आतला दरवाजा दिसत होता, आणि त्या दरवाजाशी बॅगेवर बसलेली बायको. ती इकडे बघतसुद्धा नव्हती.

“ताई, जरा सरक,” साहेब म्हणाले आणि आत गेले.

“घाबरला,” ताई शिंपीणबाईंना म्हणाल्या.

साहेब परत आले ते ब्लँकेट घेऊन. भांडारपालाने दिलेलं तेच, जाडजूड, तपकिरी. घडीसुद्धा मोडली नव्हती. त्यांनी ते दोन्ही हातांनी पसरलं, डोळे मिटले आणि फेकलं. उघडून बघतात तर परसात एक तपकिरी ढीग हलतोय आणि आतून शिव्या येतायत. साहेबांनी ढिगाला कवेत घेतलं, पोटाशी धरलं, मॅडमनी ब्लँकेटातूनही दोन टोचा पोचवल्या, आणि अशा थाटात मॅडमची बदली लाकूडफाट्याच्या खोलीत झाली. साहेबांनी कडी लावली आणि तिला पाठ टेकून उभे राहिले.

खिडकीतून टाळ्या आल्या.

ताईंचा चेहरा मॅडमसारखाच झाला होता. “म्हणजे या घरात माझी ही किंमत! ठीक आहे. मी आजच जाते.”

इथे भावाने ‘ताई, असं काय बोलतेस’ म्हणायचं असतं. ताई त्यासाठीच थांबल्या होत्या. साहेबही तेच म्हणणार होते. पण मनगटातून रक्त येत होतं, हेल्मेटात कान दुखत होते, आणि कचेरीतली जुनी सवय तोंडातून बाहेर पडली.

“गाडीची वेळ बघू का?”

ताईंनी भिंतीचा आधार घेतला.

“म्हणजे... छप्पर तरी बघून ये,” साहेब घाईने म्हणाले. “किती दिवस झाले, गवंड्यावर लक्ष नको?”

ताई दुपारच्या गाडीने गेल्या. मॅडमना न्यायला टोपलीच नव्हती, तिच्यात कबरी बसली होती. समजूत काढायला कोणीतरी स्टेशनपर्यंत येईल, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत असावं, कारण रिक्षातून त्यांनी पुन्हा पुन्हा मागे वळून पाहिलं. वहिनींनी दारातून हात हलवला. जांभळा. मग बॅग उचलून त्यांनी पलंगाखाली ठेवली. रिकामी मात्र केली नाही. साहेबांनी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

परसात मॅडम नाहीत म्हटल्यावर बाकीच्या कोंबड्या आधी गोंधळल्या. कोणाच्या मागून खायचं? वहिनींनी कबरीला एका बाजूला जाळीआड ठेवलं, दाणे जाळीच्या दोन्ही बाजूंना टाकले, भांडी लांब लांब मांडली. काही दिवसांनी जाळी काढली. पिवळ्या पायांची पोर सवयीने टोचायला धावली. कबरीने ते जांभळं डोकं वर केलं आणि नुसतं बघितलं. पोर दाणे टिपायला लागली, जणू आली होती त्याचसाठी. संध्याकाळी कबरी ‘आवक’मध्ये होती.

मॅडमना परत आणलं तेव्हा त्या फुगूनच आत शिरल्या. कोणी जागा सोडली नाही. कबरीने एक टोच मारली, एकच, आणि मग बाकीच्यांनी आपली निष्ठा पुन्हा एकदा वेळेवर दाखवली. मॅडमचं फुगणं उतरलं. आत दडलेली कोंबडी तशी बेताचीच निघाली. आता त्या शेवटून दुसऱ्या येतात आणि ‘प्रलंबित’मध्ये बसतात. बसल्या बसल्या खुडूक झाल्या.

आणि ताई? छप्पर कधीचंच दुरुस्त झालं होतं. गवंडी गाव सोडूनही गेला होता. ताई त्या न गळणाऱ्या छपराखाली थोडे दिवस राहिल्या. पण तिथे बरोबर ठरायला समोर कोणी नव्हतं. एकट्याने बरोबर असण्यात काय राम? एक दिवस दाराशी रिक्षा थांबली. साहेबांनी दार उघडलं नाही, ते वर्तमानपत्रामागे होते. दार वहिनींनी उघडलं.

“या, वन्सं,” त्या म्हणाल्या. “दमलात? बसा. चहा टाकते.”

“मीच टाकते,” ताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात शिरल्या. मग बराच वेळ नुसती डब्यांची झाकणं वाजली. शेवटी बारीक आवाज आला, “अगं, साखर कुठेय?”

“शोधा, वन्सं,” वहिनी बाहेरूनच म्हणाल्या. “सापडेल.”

शेजारी मशीन थांबलं होतं. ते तसंच थांबून राहिलं, ताईंना साखर सापडेपर्यंत. सगळ्यांत खालच्या फळीवर होती. ताई उंच, कंबर मोडून वाकावं लागलं. त्या रात्री जेवताना ताईंनी भाजीला नावं ठेवली नाहीत आणि वहिनींनी त्यांना जास्तीचं वाढलं. दुसऱ्या दिवशी पलंगाखालची बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली.

तेव्हापासून दोघींचं छान जमतं. इतकं, की दुपारी मागच्या पायरीवर दोघी शेजारी बसून एकमेकींना गोष्टी सांगतात, आणि त्या गोष्टी बहुतेक साहेबांच्या असतात. साहेबांची ओसरीतली खुर्ची दोघींनी मिळून खुराड्याजवळ हलवली, वाटेत येते म्हणून. चहातली साखर अर्धी केली, तब्येतीसाठी म्हणून. परवा तर चहात साखरच नव्हती.

साहेब कप घेऊन परसात खुर्चीवर बसले. समोर ‘प्रलंबित’मध्ये मॅडम. शिंपीणबाईंनी खिडकीतून मान काढली.

“काय साहेब, तोंड का असं? काही तक्रार आहे का घरात?”

साहेबांचं तोंड उघडलं होतं. नजर लाकूडफाट्याच्या खोलीकडे गेली. कडी चांगली होती, त्यांनीच बसवलेली.

“छे हो,” साहेब म्हणाले. “तक्रार कसली?” आणि त्यांनी तो चहा तळापर्यंत पिऊन टाकला.